डायोड काढून बघा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



माझ्या लहानपणी आमच्या घरी रेडिओला रेडिओ कुणी म्हणत नसे. ‘ट्रान्झिस्टर लाव’ असंच म्हणायचे. भोकाभोकांच्या चामडी कव्हरातला तो डबा खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याला हात लावण्याचा अधिकार फक्त अब्बांना होता. ज्याच्यावरून त्या डब्याला नाव पडलं तो खरा ट्रान्झिस्टर आत असतो आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. ते कळलं एका कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत. पण मी तिथे विद्यार्थी नव्हतो. प्रयोगशाळा परिचर म्हणून नोकरीला लागलो होतो.

मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता करतो. १९९४ साली जागा निघाली, अर्ज केला, लागलो. काम काय, तर टेबलं पुसायची, मीटर काढून ठेवायचे, तुटलेल्या वायरींना डाग द्यायचा, प्रॅक्टिकल संपलं की सगळं मोजून कपाटात ठेवायचं. मुलं मला चाचा म्हणतात. आता निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. एवढ्या काळात मी विज्ञानाची एकही परीक्षा दिली नाही, पण बी.एस्सी.च्या मुलांना डायोडचा प्रयोग करताना मात्र हजारो वेळा पाहिलं. त्या एका प्रयोगाबद्दल आज बोलायचं आहे.

डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. एका बाजूनं वीज जाऊ देतो, उलट्या बाजूनं अडवतो. तो बनतो सिलिकॉनपासून. सिलिकॉनला मराठीत अर्धवाहक म्हणतात, म्हणजे तांब्यासारखा धड वाहकही नाही आणि काचेसारखा धड रोधकही नाही. सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून बसलेला असतो. त्यात फॉस्फरसचे मोजके अणू मिसळले की दर अणूमागे एक इलेक्ट्रॉन जादा होतो आणि मोकळा हिंडतो. हा एन प्रकार. बोरॉन मिसळलं तर एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, जागा रिकामी राहते. हा पी प्रकार. त्या रिकाम्या जागेला होल म्हणतात. पी आणि एन एकमेकांना भिडले की झाला डायोड.

आमचे सर वर्गात सांगायचे, होल चालतं. मी दाराशी उभा राहून ऐकायचो, पण मला ते पटायचं नाही. जे नाहीच, ते चालणार कसं? उत्तर मिळालं मशिदीत. जमातीच्या नमाजला पुढच्या रांगेतून कुणाला निघून जावं लागलं, तर मागच्या रांगेतला माणूस एक पाऊल पुढे होऊन जागा भरतो. मग त्याची जागा मोकळी होते, ती त्याच्या मागचा भरतो. माणसं एकेक पाऊल पुढे येतात आणि रिकामी जागा सरकत सरकत शेवटच्या रांगेत जाते. मी हे सरांना सांगितलं. सरांनी ते त्याच आठवड्यात वर्गात सांगितलं आणि ज्यांनी मशीद आतून पाहिली नव्हती त्यांच्यासाठी रेशनच्या रांगेचा दाखला जोडला. तेव्हापासून मुलं शंका विचारायला माझ्याकडेही येऊ लागली.

आता प्रयोग कसा होतो ते सांगतो. दोन तासांचं प्रॅक्टिकल, वीस मुलांची बॅच. डायोडला सुलट दिशेनं व्होल्टेज द्यायचं, थोडं थोडं वाढवायचं, प्रत्येक वेळी किती करंट गेला ते लिहायचं. सिलिकॉनचा डायोड अर्ध्या व्होल्टपर्यंत जवळपास गप्प असतो. मग ०.६ च्या आसपास जागा होतो आणि ०.७ ला मीटरची सुई पळत सुटते. आलेख आधी जमिनीला टेकून चालतो आणि मग भिंतीसारखा चढतो. हे बघताना आजही मला मजा वाटते. नंतर तारा उलट करायच्या आणि उलट दिशेचा करंट मोजायचा. तो मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. सगळे आकडे जर्नलमध्ये लिहायचे, आलेख काढायचा, सरांची सही घ्यायची. परीक्षेला सह्यांचं जर्नल नसेल तर बसू देत नाहीत.

खरी गोम या जर्नलमध्ये आहे. एसटी चुकलेला मुलगा तास संपताना येतो. एखाद्याचा मीटर बिघडतो. एखादीचा घरी आजार असतो. अशा मुलांसाठी मी कपाटात एक जुनं जर्नल जपून ठेवलं होतं. अक्षर मोत्यासारखं, आलेख सुबक, पानापानावर लाल शाईत ‘छान’. अडलेल्या मुलाला मी ते हळूच द्यायचो. पोरगं आकडे उतरवून घ्यायचं, एखाददुसरा आकडा इकडे तिकडे करायचं आणि सही घेऊन मोकळं व्हायचं. मला वाटायचं, आपण कुणाच्या तरी मुलाचं वर्ष वाचवतोय. शिवाय बॅच वेळेत संपावी म्हणून सकाळी येऊन सगळ्या टेबलांवरची जोडणीही मीच करून ठेवायचो. मुलांनी यायचं, बटण दाबायचं आणि आकडे लिहायचे.

२००९ सालची गोष्ट. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. जवळच्या खेड्यातून एसटीनं यायची. तिच्या जर्नलवर सरांनी ‘पुन्हा करा’ असा शेरा मारला होता. उलट दिशेचा तिचा आलेख चुकीचा होता. पुस्तकात तो थोडा वर जाऊन आडवा होतो, आणि हिची मात्र फूटपट्टी लावून काढल्यासारखी सरळ तिरकी रेषा. पाच व्होल्टला पाच मायक्रोअँपिअर, दहाला दहा, पंधराला पंधरा. तिनं प्रयोग पुन्हा केला, तीच रेषा आली. तिसऱ्यांदा केला, तरी तीच. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. मला तिची दया आली. मी कपाटातलं जर्नल काढून तिच्यापुढे ठेवलं.

तिनं पान उघडलं, आकडे पाहिले आणि विचारलं, “चाचा, यातला डायोड कुठला आहे?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी चष्मा लावून वाचलं. ओए ७९. म्हणजे जर्मेनियमचा, जुन्या जमान्यातला. आमच्याकडे ते डायोड संपून काळ लोटला होता. टेबलावर होता सिलिकॉनचा, वन-एन फोर डबल झीरो सेव्हन. जर्मेनियमच्या डायोडमधून उलट दिशेनं काही मायक्रोअँपिअर करंट झिरपतो, तो साध्या मीटरवर दिसतो. चांगला सिलिकॉनचा डायोड जवळजवळ काहीच झिरपू देत नाही. तो करंट इतका कमी असतो की आमच्या मीटरला कळणारही नाही. म्हणजे आमच्या मुलांनी तिथे सरळ शून्य लिहायला हवं होतं. आणि मुलं वर्षानुवर्षं दुसऱ्याच पदार्थाचे आकडे उतरवत होती. ते मी पुरवलेले होते.

“पण मग माझ्याकडे शून्य का येत नाही?” ती म्हणाली. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “चाचा, डायोड काढून बघू का?”

तिनं डायोड उपसून टेबलावर ठेवला. मीटर तसाच, दहा व्होल्टला दहा मायक्रोअँपिअर. ज्याच्यातला करंट आम्ही मोजत होतो तो डायोड जाग्यावर नव्हता, आणि करंट मात्र होता. ती माझ्याकडे बघायला लागली. मी धावत जाऊन सरांना बोलावून आणलं. त्यांच्या पायात चपला होत्या, हातात डबा होता, घरी निघाले होते.

सर दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग एकच शब्द म्हणाले, “व्होल्टमीटर.”

भानगड अशी होती. व्होल्टमीटर डायोडच्या दोन टोकांना जोडलेला होता आणि करंट मोजणारा मीटर त्या दोघांच्या बाहेर. म्हणजे तो मीटर डायोडमधला करंट अधिक व्होल्टमीटरमधला करंट, अशी बेरीज दाखवत होता. आमच्या स्वस्तातल्या डिजिटल व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध होता दहा लाख ओहम. दहा व्होल्टला त्यातून बरोबर दहा मायक्रोअँपिअर जातात. सुलट दिशेच्या प्रयोगात डायोडमधून हजारपट मोठा करंट जातो, त्यात हे दहा कुणाच्या खिजगणतीतही नसतात. पण उलट दिशेला डायोड गप्प असतो, तेव्हा मीटरवर उरतो फक्त व्होल्टमीटरचा करंट. जुन्या पत्रकात सुलट आणि उलट अशा दोन वेगळ्या आकृत्या होत्या. नवे ट्रेनर किट आले, त्यांच्यावर एकच आकृती छापलेली होती. तीच बघून रोज सकाळी मी जोडणी करत होतो.

सरांनी एक वायर काढून करंट मीटरच्या अलीकडे लावली. डायोड परत बसवला. मीटर शून्यावर. व्होल्टेज दहा, पंधरा, वीस केलं. शून्य, शून्य, शून्य.

सर स्टुलावर बसले. “किट आले तेव्हापासून मी यावर सह्या करतोय,” म्हणाले. त्या मुलीकडे वळून म्हणाले, “बाई, चूक माझी आहे. तुझे आकडे बरोबर होते. ते डायोडचे नव्हते, एवढंच.”

मला तर मान वर करता येईना. जोडणी माझी, जर्नलही माझं. दोन्ही मी चांगल्या मनानं केलं होतं. पण माझ्या त्या चांगुलपणापायी कितीतरी मुलांनी डायोड न बघता डायोड शिकला होता. एखाद्यानं प्रामाणिकपणे तिरकी रेषा काढलीच, तर तीही मी दिलेलं जर्नल बघून त्यानं खोडली असणार.

या गोष्टीचा शेवट गोड व्हावा असं कुणालाही वाटेल. तसा तो झाला नाही. वार्षिक परीक्षेत तिला नेमका हाच प्रयोग आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तिचा शून्यांचा तक्ता पसंत पडला नाही. ‘उलट दिशेचा आलेख कुठे आहे?’ म्हणाले. आमच्या सरांनी समजावून सांगितलं, तरी दोन गुण गेले. पुढे ती एम.एस्सी. झाली एवढं मला ठाऊक आहे. ते दोन गुण मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेत काही गोष्टी बदलल्या. मी जोडणी करून ठेवणं बंद केलं. मुलांपुढे सुटे भाग ठेवायचे: डायोड, रोध, दोन मीटर, वायरी. पहिले काही आठवडे गोंधळ उडाला. प्रॅक्टिकल वेळेत संपेना, दोन-चार डायोड जळाले. डायोडची किंमत तेव्हा रुपया-दोन रुपये. सर म्हणाले, जळू देत. पुढच्या वेळी ते पोरगं रोध जोडायला विसरणार नाही.

सरांनी पत्रकाच्या शेवटी एक नवा प्रश्न घातला: डायोड काढल्यावर मीटर किती दाखवतो? आणि का? आणखी एक प्रयोग आला, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. डायोडमधून ठरावीक करंट सोडायचा, व्होल्टेज बघायचं आणि डायोड बोटांच्या चिमटीत धरायचा. आकडा हळूहळू खाली घसरायला लागतो. दर अंशाला सुमारे दोन हजारांश व्होल्ट. हाताची ऊब डायोडला कळते, आणि म्हणूनच अशाच जोडाचा उपयोग तापमान मोजायला करतात. वर्षभर ‘तापमानाचा परिणाम’ पाठ करणारी मुलं ते बघून गप्प होतात. मग एकेक जण म्हणतो, चाचा, मला धरू द्या.

लाल, हिरवे, निळे एलईडी घेऊन प्रत्येक जण किती व्होल्टला उजळतो तेही मुलं बघतात. लाल आधी पेटतो, निळ्याला जास्त व्होल्टेज लागतं, कारण निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त असते. त्या आकड्यांवरून प्लांकच्या स्थिरांकाचा अंदाज काढता येतो. उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळत नाही. ते का जुळत नाही हे लिहिण्यालाच सर गुण देतात.

सरांनी मला एकदा रसेल ओल यांची हकिकत सांगितली होती. हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करत. फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांच्यापुढे सिलिकॉनचा एक तुकडा होता. मधोमध तडा गेलेला, आकडे धड न देणारा. दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. ओल यांनी पाहिलं, की त्याच्यावर दिव्याचा उजेड पडला की सुमारे अर्धा व्होल्ट तयार होतो. सहकाऱ्यांना आधी ते खरंच वाटेना. शोध घेतला तेव्हा कळलं, की त्या तड्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या प्रकारची अशुद्धी होती. एकीकडे पी आणि दुसरीकडे एन. पहिला पी-एन जोड जगाला सापडला तो असा, नासक्या म्हणाव्यात अशा तुकड्यात. त्याच प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला आणि १९५६ साली शॉकली, बार्डीन आणि ब्राटन यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

जपानच्या लिओ इसाकींना १९५७ साली एका डायोडमध्ये व्होल्टेज वाढवताना करंट कमी होताना दिसला. हे तर आमच्या बॅचमधल्या कुणालाही चुकीचं रीडिंग वाटलं असतं. त्यांनी ते खोडलं नाही. १९७३ साली त्यांनाही नोबेल मिळालं.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत. गॅलेना नावाच्या खनिजाच्या स्फटिकानं विद्युतलहरी टिपण्याची युक्ती त्यांनी काढली. १९०१ मध्ये अर्ज केलेलं त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ साली त्यांना मिळालं. अर्धवाहकाच्या उपकरणाचं ते अगदी सुरुवातीचं पेटंट मानतात. त्यांनी आपली उपकरणं पत्र्याचं काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी घेऊन बनवून घेतली होती. आमच्यासारख्या डाग देणाऱ्या माणसाला हे वाचून किती बरं वाटतं, काय सांगू!

२०२० साली कोरोनात कॉलेजं बंद झाली, तेव्हा प्रॅक्टिकल संगणकाच्या पडद्यावर सुरू झाली. सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब’ आहेत, चांगल्या केलेल्या आहेत. ज्या कॉलेजात उपकरणंच नाहीत तिथल्या मुलांना त्यांचा आधार आहे. पण पडद्यावरच्या डायोडची वायर कधी निसटत नाही. तो बोटात धरला तरी गरम होत नाही. त्याचा आलेख पहिल्या झटक्यात पुस्तकासारखा येतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तो काढून बघता येत नाही. प्रयोगशाळा पुन्हा उघडली तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलानं मल्टिमीटर हातात घेऊन मला विचारलं, चाचा, याची लाल वायर कुठे लावायची? त्याच्या जर्नलमध्ये मात्र एकही चूक नव्हती.

हे सगळं आज सांगावंसं वाटलं, त्याला कारण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातेत साणंद, धोलेरा अशा ठिकाणच्या प्रकल्पांना त्यानंतर मंजुरी मिळाली. आमची मुलं विचारतात, चाचा, आम्हाला तिथे नोकरी मिळेल का? मी काय सांगणार? पण सरांनी मला त्या कारखान्यातलं एक काम समजावून सांगितलं आहे. सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो प्रक्रिया होऊन चिप तयार झाल्या, की बारीक सुया टेकवून त्यांची तपासणी करतात. व्होल्टेज द्यायचं आणि करंट बघायचा. आमच्या प्रॅक्टिकलमधले तेच दोन रकाने. तिथेही कुणासमोर एक दिवस नको ती रेषा येईल. ती चिपची आहे की आपल्याच मीटरची, हे त्याला विचारता आलं पाहिजे. ते विचारायची सवय विसाव्या वर्षी लागली नाही, तर पुढे कुठे लागणार?

ते जुनं जर्नल मी रद्दीत घातलेलं नाही. त्याच्या शेजारी २००५ सालचं एक जर्नल ठेवलं आहे. दोन्हींतले आकडे जवळपास तेच. एकात डायोड जर्मेनियमचा, दुसऱ्यात सिलिकॉनचा. दर वर्षी नवी बॅच आली की मी दोन्ही टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, यातलं खरं कोणतं ते शोधा. आणि खोटं जर्नल कुणामुळे लिहिलं गेलं, तेही सांगतो. मुलं हसतात. मग कामाला लागतात.

श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी विज्ञान शिकत असेल, तर प्रॅक्टिकलला किती मार्क पडले हे नंतर विचारा. आधी विचारा, आज मीटरवर काय दिसलं? आणि जे दिसलं ते पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून पोर खट्टू झालं असेल, तर रागावू नका. त्याला म्हणावं, डायोड काढून बघ.